रविवारचा स्पीकर

किस्से काही कोणी ठरवून जमवत नाही. चार-पाच माणसं दर रविवारी दुपारी एका खोलीत बसली, मधे एक लॅपटॉप ठेवला, की ते साठत जातात. सोफ्याच्या फटीत कधी शेंगदाणा, कधी पेनाचं टोपण, कधी हरवलेलं कानातलं सापडतं ना, तसे. मग एखाद्या दिवशी कोणी विचारतं, "तुम्ही रविवारी नक्की करता तरी काय?" आणि आपण सांगायला लागलो की संपतच नाही.

करतो काय, तर आवाज ऐकतो. गाणीही ऐकतो, नाही असं नाही. पण मुख्यतः आपापल्या मोबाइलवर पकडून आणलेले आवाज. कोणी पिंपळाची सळसळ आणतं, कोणी पोळ्याच्या दिवशीच्या घुंगुरमाळा, कोणी सकाळच्या फुलबाजारातला गलका. जेवणं झालेली असतात, पडदे ओढलेले असतात, पंखा दोनवर असतो. अर्धं ऐकायचं, अर्धं डुलकीत. कोणाला घोरायची बंदी नाही.

मंडळी कोण, ते सांगते. माझ्या शेजारच्या फ्लॅटमधले सोनवणे काका. ओझरच्या विमान कारखान्यात आयुष्य गेलं, आता रिटायर. त्यांच्या पत्नी कुसुमकाकू. आपण फक्त चहासाठी येतो, असं त्या दर रविवारी सांगतात. माझी मैत्रीण उज्ज्वला, मनमाडला रेल्वेत होती, तीही आता रिटायर होऊन नाशिकला राहते. मखमलाबादचे नाना, ज्यांच्या मळ्यातला झेंडू आणि भाजी आमच्या गंगापूर रोडच्या सोसायटीत येते. आणि मी, माधवी. घर माझं, म्हणून चहाही माझा.

* * *

स्पीकरची सुरुवात झाली सोमेश्वरच्या धबधब्यापासून.

काका भर श्रावणात तिथे जाऊन व्हिडिओ काढून आले होते. आम्हाला बोलावलं, पलंगावर लॅपटॉप ठेवला, आणि म्हणाले की आवाज ऐका, अंगावर काटा येतो. आम्ही चौघं वाकलो. पडद्यावर गोदावरी नुसती उसळत होती, आणि आवाज मात्र कुकरची शिट्टी गेल्यावर मागे वाफ फुसफुसते तेवढाच. काका म्हणाले, थांबा, पुढे मोठा होतो. पुढेही झाला नाही. नाना चिवडा खात होते. त्यांना चावायचं थांबवा म्हणून सांगितलं, तर ते बिचारे गाल फुगवून तसेच बसले. तरी धबधबा काही ऐकू येईना.

शेवटी काकांनी कानाशी न्यायला म्हणून लॅपटॉप उचलला, आणि एकदम पाणी कोसळलं. काकांनी तो उलटा करून पाहिला. आवाजाची भोकं खालच्या बाजूला. आणि लॅपटॉप घसरू नये म्हणून काकूंनी खाली चौपदरी गोधडी घातलेली.

काका गोधडीकडे बघत राहिले. "म्हणजे इतके दिवस आपण हिला ऐकवत होतो."

काकू म्हणाल्या, "ती बरी. कधी तक्रार केली नाही."

मग गोधडीच्या जागी लाकडी पाट आला, आणि फरक पडला. पण थोडाच. धबधबा घरापर्यंत आला, पण आत येईना. तेव्हा ठरलं की स्पीकर घ्यायचा. फार महाग नको, फार मोठा नको, पिशवीत घालून कुठेही नेता आला पाहिजे.

* * *

एम. जी. रोडच्या एका दुकानात आम्ही गेलो. दुकानदारानं उत्साहानं तीन स्पीकर काढले आणि एकेकावर दणदणीत गाणं लावलं. काउंटरवरची बिलं थरथरायला लागली. काकांनी हात वर करून थांबवलं, पिशवीतून स्वतःचा लॅपटॉप काढला आणि म्हणाले, यातलं वाजवून बघू.

त्यात होता खलबत्ता. कुसुमकाकू सकाळी चहाचं आलं-वेलदोडे कुटतात, तो आवाज. ठक ठक, मग जरा घासल्यासारखं, मग पुन्हा ठक. दुकानदार म्हणाला, काका, गाणं लावा ना एखादं. काका म्हणाले, "गाणं कशावरही चांगलंच वाजतं. यात गंमत आहे."

काकूंना स्टुलावर बसवलं आणि डोळे मिटायला सांगितलं. दुकानात दुसरी गिऱ्हाइकं होती, तीही थांबली. काउंटरमागचा माणूस बिलं लिहिता लिहिता थांबला. पहिला स्पीकर झाला, दुसरा झाला, तिसरा झाला. काकूंनी डोळे मिटूनच सांगितलं, "शेवटचा आपला."

शेवटचा सगळ्यात स्वस्त होता, लाडवाच्या डब्याएवढा. काकांनी विचारलं, बाकीचे दोन का नाही?

काकू म्हणाल्या, "पहिला हॉटेलातला आहे. आणि दुसरा माझ्या जावेचा. ती अशीच आपटते."

* * *

स्पीकर आणून घरात ठेवायचा कुठे, यात आमचा उरलेला पावसाळा गेला. काचेच्या टेबलावर ठेवला तर काचच बोलायला लागायची. फ्रिजवर ठेवला तर फ्रिजची घरघर मिसळायची. काकांचं म्हणणं, कोपऱ्यात, भिंतीजवळ, पाटावर ठेवा, म्हणजे खालचे जाड सूर भरून येतात. ते खरंही निघालं. पण नानांना काही वेगळं सुचलं होतं. त्यांनी माझा रिकामा माठ मागितला.

नानांनी त्या दिवशी त्यांच्या विहिरीचा आवाज आणला होता. मोटर सुरू केल्यावर पाइप आधी उसासे टाकतो, गुळण्या करतो, आणि मग पहिलं पाणी झेंडूच्या सरीत पडतं, तो. नानांनी स्पीकर माठाच्या तोंडाशी, आतल्या बाजूला तोंड करून धरला. मी लॅपटॉपवर बटण दाबलं.

काय सांगू. खोलीत ओलावा आला. पाणी लांबून, खोलातून, फिरत फिरत वर येत होतं. उज्ज्वलाचे डोळे मिटले. काकांनी पाय वर घेतले, जमीन ओली झाल्यासारखे. मला आठवतंय, मी उठले, स्वयंपाकघरात गेले, आणि नळ घट्ट बंद आहे ना ते पाहून आले. पुन्हा येऊन बसले.

तेवढ्यात बेल वाजली. दारात खालच्या मजल्यावरच्या बाई, दोन्ही हातांत बादल्या.

"तुमच्याकडे पाणी आलंय का हो? आमच्याकडे अजून थेंब नाही."

* * *

स्पीकरच्या आत एक बाई आहे. चालू केला की ती इंग्रजीत सांगते, कनेक्टेड. चार्जिंग संपत आलं की सांगते, बॅटरी लो. इतक्या थकलेल्या आवाजात सांगते की कुसुमकाकूंना कसंसंच होतं. त्यांनी नियमच करून टाकलाय. ती बॅटरी लो म्हणाली की काकू म्हणतात, "पुरे आता, तिला टेकू द्या." आणि कार्यक्रम संपतो. मग कोणाची नदी अर्ध्यात राहो की कोणाची घंटा.

* * *

आता एक किस्सा असा, जो काकांना अजून माहीत नाही.

काकूंचं म्हणणं, आपण घोरत नाही. काकांचं म्हणणं, घोरतेस. लग्नापासूनचा वाद. शेवटी काकांनी एका दुपारी मोबाइल उशाशी ठेवून पुरावा गोळा केला. लॅपटॉपवर घेतला, काकूंना समोर बसवलं आणि लावला.

लॅपटॉपमधून काहीच आवाज आला नाही. काकांनी आवाज वाढवला. नाही. पूर्ण वाढवला. नाही.

कारण स्पीकर त्या आठवड्यात माझ्याकडे होता. आमच्या दोन घरांत एकच भिंत. मी नुकताच तो चार्जिंगवरून काढून चालू केला होता, कारण माझ्या भाचीला बघायला धुळ्याची मंडळी आली होती आणि मागे मंद सनई असावी असं मला वाटलं होतं. मी सनई शोधेपर्यंत स्पीकरनं ब्लूटूथवर आपल्या ओळखीचा लॅपटॉप गाठला, भिंतीपलीकडचा. आणि माझ्या हॉलमध्ये, चिवडा-लाडवाच्या बशांवर, कुसुमकाकू घोरायला लागल्या. आधी हळू, मग मोठ्यानं, मग फारच मोठ्यानं.

मुलाच्या आईनं आजूबाजूला पाहिलं, आतल्या खोलीच्या बंद दाराकडे पाहिलं, आणि फार मायेनं विचारलं, "आजी झोपल्यात का?"

मी मान हलवली. दुसरं काय करणार? मग ती सगळी मंडळी कुजबुजत बोलायला लागली, बशा अलगद ठेवायला लागली. माझी भाची आणि तो मुलगा गॅलरीत जाऊन बोलले, तर तेही हळू आवाजात, एकमेकांच्या जवळ वाकून. पुढे त्यांचं जमलं. भाची अजून म्हणते, इतकी शांत माणसं मी पाहिली नव्हती.

संध्याकाळी मी काकूंना सगळं सांगितलं. त्या पदर तोंडाला लावून हसल्या, आणि मग गंभीर झाल्या. भिंतीपलीकडे काका अजून लॅपटॉपची सेटिंग्ज तपासत होते.

"त्यांना सांगू नकोस," काकू म्हणाल्या. "इतक्या वर्षांनी जिंकलेय."

* * *

काकांना बारीक, वरच्या पट्टीतले आवाज ऐकू येत नाहीत, फक्त जाड येतात, हे आम्हाला कळायला वेळ लागला. वयाचा परिणाम. नानांनी एकदा शिंजीर आणला होता, फुलातला रस पिणारा तो चिमुकला पक्षी. आम्ही सगळे त्याच्या चिवचिवाटावर वाहवा करत होतो आणि काकाही करत होते, पण तो आवाज संपल्यावरही काका मान डोलवतच राहिले. काकूंनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. त्यानंतर काका जरा मागे बसायला लागले.

मग नानांनी आम्हाला मळ्यात बोलावलं. हिवाळ्याची सकाळ होती, झेंडूवर अजून दव होतं, धुकं गुडघ्याएवढं. नानांच्या बांधावर पूर्वी भारद्वाज असायचा. नाना त्याला कुकुडकोंबा म्हणतात. रस्ता रुंद करताना बांधावरची झाडी गेली, आणि तिच्यासोबत तोही गेला. नानांच्या घरात सकाळी भारद्वाज दिसला की दिवस चांगला जातो असं मानतात. म्हणजे, नाना म्हणाले, दोन वर्षं आमचे दिवस नुसतेच जातायत.

त्यांच्या मोबाइलवर त्याचा जुना आवाज होता. हूप, हूप, हूप. घशातून येणारा, जाड, घुमणारा. लॅपटॉपवर तो कधी धड लागलाच नव्हता. नानांनी स्पीकर एका बांबूच्या खुंटावर ठेवला आणि लावला. धुक्यात तो आवाज लांबपर्यंत गेला. आम्ही थांबलो. काही नाही. पुन्हा लावला. काही नाही. उज्ज्वला म्हणाली, चला, चहा घेऊ.

काका हलले नाहीत. त्यांनी बोट वर केलं. "बोलला," ते म्हणाले. "ओढ्यापलीकडून."

आम्ही कान दिले. आम्हाला फक्त रस्त्यावरचे ट्रक ऐकू येत होते. काका डोळे मिटून उभे होते, चेहरा ओढ्याकडे. "परत बोलला. आता जवळ आलाय." आणि खरंच, थोड्या वेळानं पलीकडच्या उसातून तो बाहेर आला, तांबूस पंख, लाल डोळा, जड पावलांनी झेंडूच्या सरीतून चालत. स्पीकरपासून हातभर अंतरावर थांबला. मान वाकडी करून त्यानं त्या डब्याकडे पाहिलं.

मी मोबाइल काढत होते. नानांनी माझा हात धरला, आणि दुसऱ्या हातानं स्पीकर बंद केला.

"नको ताई," ते हळूच म्हणाले. "पाव्हण्याला खोटं सांगून बोलवू नाय. तो जोडीदार हाय समजून आला."

पक्षी थोडा वेळ तिथेच घुटमळला आणि उसात परत गेला. येताना गाडीत काका पुढच्या सीटवर बसले होते. कोणी काही विचारलं नव्हतं, तरी ते म्हणाले, "मी आधी ऐकला." मग पंचवटी येईपर्यंत खिडकीतून बाहेर बघत राहिले.

नानांनी त्या वाफ्यात नंतर झेंडू लावला नाही. झाडोरा वाढू दिलाय. विचारलं तर म्हणतात, जमीन विसाव्याला टाकलीय.

* * *

आता राहिलेला सांगते, आणि थांबते. यानंतर दुसरा कुठला सांगता येत नाही.

नानांकडे एक कॅसेट होती. त्यांच्या थोरल्या भावाची, दादांची. दादांना जबलपूरला नोकरी लागली तेव्हा नाना कॉलेजात होते. घरात नवा टेपरेकॉर्डर आला होता. निघायच्या दिवशी नानांनी तो पिशवीत घालून मनमाड स्टेशनवर नेला आणि बटण दाबून ठेवलं, दादांचा आवाज घरी राहावा म्हणून. दादा जबलपूरला गेले. त्याच वर्षी आई गेली, अचानक. दादांना पोचता आलं नाही. स्टेशनवरची ती माय-लेकांची शेवटची भेट. पुढे टेपरेकॉर्डर बिघडला, कॅसेट ट्रंकेत गेली, आणि नानांनी ती पुन्हा कधी ऐकली नाही.

काकांनी कोणाकडून तरी एक चालू टेपरेकॉर्डर मिळवला, वायरनं लॅपटॉपला जोडला आणि कॅसेट आत उतरवून घेतली. रविवारी लावली, तर लॅपटॉपमधून नुसती खरखर. काका ओशाळले. म्हणाले, फीत खराब झाली असणार. नाना म्हणाले, जाऊ द्या, काका. पण ते उठले नाहीत.

मी स्पीकर कोपऱ्यात पाटावर ठेवला. काकांनी लॅपटॉपवर वरच्या पट्टीतला आवाज हळूहळू उतरवत नेला. खरखर विरायला लागली. आणि तिच्याखालून स्टेशन वर आलं.

आधी हातगाडीची चाकं. मग चहावाला. मग कोणाचं तरी लहान मूल. आणि मग अगदी जवळ, एका बाईचा आवाज.

"डबा उभा धर रे, रस्सा सांडंल."

नाना खिडकीकडे बघत होते. त्यांनी मान वळवली नाही. फक्त म्हणाले, "आई."

दादा काहीतरी बोलत होते, खोलीचं भाडं, कोणी ओळखीचे, लवकर पत्र टाकतो. आई नुसतं हं म्हणत होती. माणूस रडू दाबताना म्हणतो तसं, तोंड मिटून. आणि मग भोंग्यातून एका तरुण मुलीचा स्वच्छ आवाज आला. प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावे. जबलपूरकडे जाणारी गाडी सुमारे एक तास उशिराने धावत आहे. प्रवाशांना होणाऱ्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत.

टेपवर आजूबाजूची माणसं करवादली. आणि आई हसली. मोठ्यानं, मोकळं. म्हणाली, "बरं झालं माय. चल, मग इथंच जेवू." डब्याची झाकणं निघाल्याचा आवाज आला. भाकरी मोडल्याचा आला. त्यानंतर शब्द नीट कळत नव्हते. फक्त तिघं जेवत होते आणि मधूनमधून आई हसत होती.

उज्ज्वलानं कप खाली ठेवला.

"तो माझा आवाज आहे," ती म्हणाली.

नोकरीच्या सुरुवातीची काही वर्षं ती मनमाडला अनाउन्समेंटच्या खोलीत होती. पुढे मशीन आलं आणि ते काम गेलं. मला ती एकदा म्हणाली होती की गाडी लेट सांगताना फार वाईट वाटायचं. लोक वर भोंग्याकडे असे बघायचे की गाडी आपणच अडवून ठेवलीय. दिवसभर दिलगिरी व्यक्त करून घरी यायचं, आणि कोणी एकदाही म्हणायचं नाही की असू दे.

नाना आता तिच्याकडे वळले होते.

"म्हंजे ताई, तो तास तुम्ही दिला व्हय आम्हाला."

टेप चालूच होती. मधे एकदा बटण बंद करून पुन्हा चालू केल्याचा खटका आला. झाकणं लागली. कोणीतरी पाणी ओतलं. माणसांची हालचाल वाढली, आणि खूप लांबून एक बारीक शिट्टी आली. नानांनी हात पुढे केला.

"थांबवा काका. गाडी येऊ देऊ नका."

काकांनी बटण दाबलं. खोलीत फक्त पंखा राहिला. नाना तसेच अर्धवट उठलेले, एक गुडघा जमिनीला, हात पुढे.

उज्ज्वला सरळ बसली. तिनं खांद्यावरचा पदर नीट केला, घसा साफ केला, आणि समोरच्या भिंतीकडे बघत त्याच ठेक्यात बोलायला लागली. आवाज आता जरा जड झालेला, पण शब्द तितकेच स्वच्छ.

"प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावे. जबलपूरकडे जाणारी गाडी अनिश्चित काळासाठी उशिराने धावत आहे."

दिलगिरीचं वाक्य तिनं म्हटलं नाही.

नानांनी भिंतीला पाठ टेकली आणि निवांत मांडी घातली.